पाठ फसवते, पोट सांगतं: अनोळखी पाळीव कासव ओळखायची रीत

कासवाची जात विचारणारे लोक बहुतेक वेळा एकच फोटो पुढे करतात: फरशीवर बसलेलं कासव, वरून टिपलेलं. त्या बाजूने कासव सगळ्यात कमी बोलतं. पाठीवरची नक्षी वयानुसार बदलते, चुकीच्या खाण्याने वेडीवाकडी होते, घासून पुसट होते, कधी विकणाऱ्याने तेल चोपडून चकाकवलेली असते. खात्रीची उत्तरं तीन जागी सापडतात: पोटावर, मानेच्या वरच्या खाचेत आणि शेपटीच्या वर. पण त्याआधी एक प्रश्न निकालात काढावा लागतो, कारण तो चुकला तर कासव मरतं.

आधी पाय बघा

कासव म्हटलं की लोक ते बादलीत सोडतात. जमिनीवरचं कासव पोहत नाही. खोल पाण्यात ते बुडतं. एखाद्याने "बिचाऱ्याला मोकळं करू" म्हणून चांदणीसारखं जमिनीवरचं कासव तळ्यात सोडलं, तर ती सुटका नसते. म्हणून पाणी दाखवण्याआधी पाय बघायचे.

जमिनीवरच्या कासवाचे मागचे पाय हत्तीच्या पायांसारखे असतात: गोल, खांबासारखे, बोटं वेगळी दिसत नाहीत, नुसती नखं बाहेर आलेली. पुढचे पाय जाड, बाहेरच्या अंगाला टणक खवल्यांनी मढलेले. पाण्यातल्या कासवाचे पाय चपटे आणि बोटं वेगवेगळी असतात. बोटं हलकेच फाकवली की मधे पातळ पडदा दिसतो. पाठ किती उंच किंवा चपटी आहे यावर जाऊ नका. पाण्यातलीही काही कासवं चांगली घुमटाकार असतात.

तिसरा प्रकार मऊ पाठीचा. कवचावर तुकड्यांची रचनाच नाही, वरून चामड्यासारखी सलग कातडी, नाक सोंडेसारखं पुढे आलेलं आणि प्रत्येक पायाला तीनच नखं. असं कासव हाताळताना मान लांबवून मागे वळतं आणि चावतं. त्याला कडेने न धरता मागच्या भागाला, मागच्या पायांच्या जवळ धरा.

मापं आणि फोटो

लागणारं सामान: स्वयंपाकघरातला वजनकाटा, पट्टी, दोन जाड पुस्तकं, जुना मऊ टूथब्रश, कोमट पाणी. कवचावर माती असेल तर ब्रश ओला करून पुसा. साबण नको, तेल तर मुळीच नको.

लांबी कवचाच्या वळणावरून टेप फिरवून मोजली तर जास्त येते आणि पुस्तकातल्या आकड्यांशी जुळत नाही. त्यासाठी कासवाच्या पुढे एक आणि मागे एक पुस्तक उभं करा, दोन्ही कवचाला टेकवा, कासव बाजूला करा आणि पुस्तकांमधलं अंतर पट्टीने मोजा. हे सरळ अंतरच धरायचं. वजन करताना काट्यावर आधी पसरट डबा ठेवून शून्य करा, मग कासव डब्यात.

फोटो सहा हवेत: वरून, पोटाचा, एका कडेचा, समोरून मानेच्या वरच्या काठाचा, मागून शेपटीचा आणि मागच्या मांडीचा जवळून. सकाळच्या सावलीत काढा. फ्लॅशने कवच चकाकतं आणि पिवळा रंग पांढरा दिसतो. प्रत्येक फोटोत पट्टी ठेवा.

पोटाचा फोटो घ्यायला कासव पाठीवर उताणं घालायची गरज नाही. उताण्या कासवाच्या फुप्फुसांवर आतड्यांचा भार येतो आणि ते घाबरून पाय झाडत राहतं. दोन्ही हातांनी कडा धरून, डोकं वर ठेवून उभं धरा. दुसऱ्याने अर्ध्या मिनिटात फोटो काढावा. दहा-पंधरा किलोचं कासव असेल तर उचलूच नका. पुढचा भाग चार बोटं वर करून मोबाइल खाली सरकवा. झाल्यावर हात साबणाने धुवा. कासवं निरोगी दिसत असतानाही साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू बाळगतात, आणि घरात लहान मुलं असतील तर ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

शल्कं मोजणं

कवचावर फरशीसारखे बसवलेले तुकडे म्हणजे शल्कं. पाठीच्या मधोमध, डोक्याकडून शेपटीकडे, एक रांग असते: पाच शल्कं. तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार मोठी. काठाभोवती लहान शल्कांची माळ: जमिनीवरच्या कासवात साधारण प्रत्येक बाजूला अकरा आणि शेपटीच्या वर एक, पाण्यातल्या कठीण पाठीच्या कासवात प्रत्येक बाजूला बारा.

आता समोरून बघा. मानेच्या बरोब्बर वर, काठाच्या माळेच्या मधोमध, एखादं चिंचोळं एकटं शल्क आहे का? ते असेल तर दोन्हीकडची काठाची पहिली शल्कं एकमेकांना भिडत नाहीत. नसेल तर ती थेट भिडतात आणि तिथे बहुधा इंग्रजी व्ही आकाराची खाच दिसते. हे मानेवरचं शल्क असणं किंवा नसणं हा जमिनीवरच्या कासवांमधला पहिला मोठा फाटा. मग मागून बघा: शेपटीवरचं शल्क अखंड आहे की मधे चीर पडून दोन झालेत? आणि मागच्या मांडीवर, शेपटीच्या दोन्ही बाजूंना, काटे आहेत का?

कधी कधी मधल्या रांगेत पाचाऐवजी सहा-सात शल्कं निघतात, किंवा एखादं तिरकं फाटलेलं. अंडं उबताना उष्णता कमी-जास्त झाली की असं होतं, आणि कैदेत जन्मलेल्या कासवांत ते पुष्कळदा दिसतं. त्यावरून नवीन जात शोधली असं समजू नका. एका खुणेवर निकाल न देता तीन तरी जुळवायच्या.

चांदण्या असलेली सगळी कासवं "स्टार" नसतात

भारतात घरात सापडणारं जमिनीवरचं कासव बहुतेक वेळा चांदणी कासव असतं, बाजारातलं "स्टार". ते मूळचं कोरड्या, झुडपी मुलखातलं: एकीकडे राजस्थान-गुजरात, दुसरीकडे तमिळनाडू, आंध्र, कर्नाटकाचा कोरडा भाग आणि श्रीलंका. पुण्या-मुंबईच्या गच्चीवर बसलेलं चांदणी कासव जवळपास नेहमीच कुणीतरी विकलेलं असतं.

पाठीवरच्या प्रत्येक शल्काच्या मधोमध पिवळसर ठिपका आणि तिथून काळसर रंगावर चहूकडे फाकणारे पिवळे पट्टे, ही तर सगळ्यांना माहीत असलेली खूण. खरी खूण पोटावर आहे: तिथेही नक्षी किरणांसारखीच फाकते, पिवळट रंगावर काळे पट्टे. मानेवरचं शल्क नसतं, शेपटीवरचं अखंड असतं. प्रौढाची शल्कं एकेक टेंगूळ वर आल्यासारखी असतात, आणि या जातीत ती रानातही थोडीफार तशीच असतात. मादी नरापेक्षा मोठी, पण तीस सेंटिमीटरच्या पुढे जाणारी क्वचितच.

आता तिच्यासारख्याच दिसणाऱ्यांकडे वळू. आफ्रिकेतलं लेपर्ड कासव लहानपणी ठिपक्यांचं असतं: फिकट शल्कावर गडद ठिपके, किरण नाहीत. मोठेपणी काळे-पिवळे शिंतोडे उडाल्यासारखी पाठ होते. मानेवरचं शल्क त्यालाही नसतं, त्यामुळे खाच बघून चालत नाही. पोट बघा. लेपर्डचं पोट बरंचसं कोरं पिवळट, थोडेफार विस्कळीत डाग, किरण नाहीत. तीस सेंटिमीटर ओलांडून वाढतच चाललेलं "स्टार" घरात असेल, तर ते लेपर्ड असण्याची शक्यता आधी तपासा.

मादागास्करचं रेडिएटेड कासव पाठीवरून इतकं चांदण्यांचं दिसतं की माहीतगारही दचकतात. तिथे मानेची खाच निकाल लावते: रेडिएटेडला मानेवरचं शल्क असतं, आपल्या चांदणीला नसतं. शिवाय त्याचं डोकं वरून काळं, बाकी पिवळं आणि पाय स्वच्छ पिवळे. म्यानमारचं चांदणी कासव अजून जवळचं. त्याच्या शल्कावरचे पट्टे सहापेक्षा जास्त नसतात, आणि पोटावर किरणांऐवजी नुसते गडद ठोकळे असतात. पुन्हा पोटच.

थोडक्यात कसोटी अशी लावा. पाठीला चांदण्या, पोटाला किरण आणि मानेवर शल्क नाही, या तिन्ही एकत्र असतील तरच भारतीय चांदणी म्हणा. एक जरी हुकली तर थांबा.

जमिनीवरची बाकीची

सुलकाटा हे तळहाताएवढं विकलं जाणारं सगळ्यात फसवं कासव. पाठ एकरंगी, वाळूसारखी किंवा फिकट तपकिरी, शल्कांच्या कडा जरा गडद, नक्षी काहीच नाही. मांडी बघा: शेपटीच्या दोन्ही बाजूंना मोठे, टोकदार काटे, दोन किंवा तीन. पुढच्या पायांवर एकमेकांवर चढलेले मोठे खवले, आणि गळ्याखालचं कवच काट्या चमच्यासारखं पुढे आलेलं, मधे चिरलेलं. सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरचं हे कासव पन्नास किलोच्या वर जातं, जमिनीत लांब बिळं खणतं, आणि प्लायवूडचं दार त्याला अडवत नाही. दुकानात हे कुणी सांगत नाही.

दक्षिण अमेरिकेचं रेडफूट ओळखायला सोपं: काळसर पाठ, प्रत्येक शल्काच्या मधे फिकट डाग, आणि पायांवर-डोक्यावर लाल किंवा नारिंगी खवले, रंगाचे थेंब पडल्यासारखे. प्रौढ नराची कंबर आत दबलेली, डमरूसारखी.

युरोप-मध्य आशियातली लहान कासवं भारतात कमी, पण आखाती देशांत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी घरांत सहज भेटतात. तिघांत घोळ होतो. चारही पायांना चार-चार नखं असतील तर ते रशियन कासव. शेपटीच्या टोकाला शिंगासारखं नख आणि शेपटीवरचं शल्क दुभंगलेलं असेल तर हर्मन. मांडीवर काटा आणि शेपटीवरचं शल्क अखंड असेल तर ग्रीक. यातली शेपटीवरची चीर अधूनमधून दगा देते, म्हणून मांडीचा काटा आणि शेपटीचं टोक दोन्ही बघा.

देशी कासवांत लांबट, फिकट पिवळट पाठीवर काळे डाग असलेलं कासव आलं तर मान बघा. मानेवर लांब चिंचोळं शल्क असेल तर ईशान्येकडचं आणि साल जंगलातलं लांबट कासव. नसेल तर केरळ-कर्नाटकाच्या घाटातलं त्रावणकोर कासव.

लाल कानाचा घोटाळा

पाण्यातलं सगळ्यात जास्त विकलं जाणारं कासव म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. लहानपणी हिरवंगार, डोळ्यामागे लाल जाड पट्टा, पोट पिवळं आणि प्रत्येक शल्कावर गडद डाग. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे, कारण मुलं ती तोंडात घालत आणि साल्मोनेलाने आजारी पडत.

गडबड अशी की लाल पट्ट्यावरून देशी कासवही स्लायडर समजलं जातं, आणि स्लायडर देशी समजलं जातं. गंगा-ब्रह्मपुत्रा-नर्मदेच्या खोऱ्यातल्या छप्पर कासवालाही डोळ्यामागे नारिंगी-तांबडी कोर असते. इथे पोटही धड सांगत नाही, कारण दोघांच्याही पिवळ्या पोटावर काळे डाग असतात. निकाल पाठीच्या कण्यावर लागतो. बोट मधल्या रांगेवरून पुढून मागे फिरवा. छप्पर कासवाच्या कण्यावर घराच्या आढ्यासारखी उभी धार लागते आणि तिसऱ्या शल्काच्या मागच्या टोकाला काट्यासारखा टोकदार उंचवटा. त्या धारेवर बहुधा लाल-तपकिरी पट्टा असतो. स्लायडरची पाठ लहानपणी किंचित धारेची असली तरी असा काटा कधीच नसतो, आणि मोठेपणी ती सपाट गुळगुळीत होते. मानही बघा: छप्पर कासवाची काळी, बारीक पिवळ्या रेघांची, स्लायडरची हिरवी, रुंद पिवळ्या पट्ट्यांची. छप्पर कासवाच्याच कुळातलं टेंट कासव पोटावरून वेगळं काढता येतं: टेंटच्या प्रत्येक पोटशल्कावर एकच मोठा डाग, छप्परच्या दोन ते चार.

म्हाताऱ्या स्लायडर नराचा लाल पट्टा पुसट होत जातो आणि सगळं अंग काळपट पडतं. असं कासव "काळं देशी कासव" म्हणून खपतं. त्याच्या पुढच्या पायांची नखं बघा. ती लांब, वाकडी, शोभेसारखी वाढलेली असतील तर तो स्लायडर नर.

आपल्याकडच्या विहिरीत, ओढ्यात खरंच सापडतं ते काळं कासव. पाठीवर तीन धारा, मधली ठळक. रंग गडद तपकिरी ते काळा. पोट काळं आणि त्याला पिवळी कड. डोकं राखाडी, लहानांच्या डोक्यावर पिवळट जाळी. पावसाळ्यात ते जमिनीवर बरंच फिरतं, म्हणून अनेकदा "जमिनीचं" म्हणून आणून दिलं जातं. बोटांमधला पडदा बघितला की शंका मिटते.

मऊ पाठीचं सापडलं तर उभं धरून पोटाच्या मागच्या भागावर नजर टाका. मागचे पाय आत ओढल्यावर दोन्हीकडून कातडीच्या झडपा त्यांच्यावर बंद होत असतील तर ते झडपेचं कासव. दक्षिणेतल्या प्रकाराची पाठ साधी, उत्तरेतल्याच्या पाठीवर पिवळे ठिपके. झडपा नसतील आणि कासव मोठं, पसरट असेल तर ते नदीतलं मऊ कासव. आपल्या दख्खनच्या नद्यांत लीथचं मऊ कासव असतं, आणि त्याच्या पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखी गोल वर्तुळं दिसतात.

नखांबद्दल दोन शब्द

महाराष्ट्र-कर्नाटकात वीस नखांच्या कासवाला गुप्तधनाच्या नावाने काळ्या बाजारात भाव लावतात. नखं मोजायची रीत ओळखीसाठी मात्र खरोखर उपयोगी आहे. चांदणी, सुलकाटा, लेपर्ड: पुढे पाच, मागे चार, एकूण अठरा. रशियन: सोळा. मऊ पाठीची: बारा. "वीस नखांचं" म्हणून कुणी दाखवलं तर जवळून बघा. पायाच्या कडेचा टोकदार खवला किंवा मांडीचा काटा नख म्हणून मोजलेला असतो.

कैदेने बिघडलेलं कवच

पाळीव कासवाची ओळख फसण्याचं मोठं कारण म्हणजे वेड्यावाकड्या वाढीचे डोंगर. कोरड्या हवेत वाढलेल्या, भाकरी-बिस्किटांवर पोसलेल्या पिल्लाचं प्रत्येक शल्क पिरॅमिडसारखं उभं राहतं आणि नक्षी टोकाकडे ओढली जाते. असं सुलकाटा दुरून चांदणीसारखं टेंगळांचं दिसतं, आणि कोरड्या हवेत वाढलेलं चांदणी दुसऱ्याच जातीचं वाटतं. कॅल्शियम आणि ऊन न मिळालेलं कवच दाबल्यावर मऊ लागतं. ते मऊ पाठीचं कासव नव्हे, आजारी कासव. पोटाची नक्षी, मानेचं शल्क आणि नखांची संख्या यांच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. बिघडलेल्या कवचाच्या वेळी फक्त त्यांनाच विचारा.

शल्कावरची वर्तुळं मोजून वय सांगणारे बरेच भेटतील. चांगलं खाणाऱ्या कासवाला वर्षात अनेक वर्तुळं पडतात, उपाशी राहणाऱ्याला एकही नाही. ओळखीसाठी ती निरुपयोगी. कवचावर रंग किंवा नेलपॉलिश लावलं असेल तर थिनरने काढू नका. पोटाकडून बघा, तिथे बहुतेक वेळा कुणी रंग लावलेला नसतो.

नाव कळल्यावर

ओळख झाली की कायद्याचा प्रश्न लगेच येतो. चांदणी कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आधी चौथ्या अनुसूचीत होतं. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ते पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत गेलं. ते घरी ठेवणं गुन्हा आहे आणि शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं. झडपेचं कासव आणि छप्पर कासवही पहिल्या अनुसूचीत. आंतरराष्ट्रीय व्यापारात चांदणीला ऑगस्ट २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात टाकलं गेलं. सुलकाटा, लेपर्ड, रेडफूट ही परदेशी कासवं साइट्समध्ये आहेत. २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते.

महाराष्ट्रात देशी कासव मिळालं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. स्वतः कुठेही सोडू नका, आणि स्लायडर तर तळ्यात अजिबात नको: ते देशी कासवांचं अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावतं. चांदणी कासव रानात सोडायलाही ते कुठल्या भागातलं आहे हे तपासावं लागतं, कारण वायव्येकडची आणि दक्षिणेकडची कासवं आनुवंशिकदृष्ट्या वेगळी आहेत.

वन विभागाचा माणूस येईपर्यंत जमिनीवरच्या कासवाला पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्रावर ठेवा, आत हनुवटीपर्यंतच येईल इतक्या पाण्याची पसरट बशी. पाण्यातल्याला टबात कवच बुडेल इतकंच पाणी आणि वर चढायला एक वीट. दूध-पाव देऊ नका. फोनवर बोलताना आधी पायांचा प्रकार, मग लांबी, मग मानेवरचं शल्क आहे की नाही हे सांगा, आणि पोटाचा फोटो पहिला पाठवा.